पेशींना दिलेली विद्या
(मुंबईत सिद्ध झालेल्या एका उपचाराचा इतिहास)



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडून इतिहासविषयक लेख मागविला, तेव्हा आमच्या वरोर गावचा किंवा या किनाऱ्यावरील जुन्या वस्त्यांचा इतिहास मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असणार. तो विषय मला प्रिय आहे. परंतु इतिहास म्हणजे केवळ गतकालीन लढाया, सनदा व शिलालेख नव्हेत. आपल्या हयातीत, आपल्याच गाडीमार्गावर घडलेली गोष्टही इतिहासच होय. आणि ती वेळीच लिहून ठेवली नाही, तर पुढच्या पिढीला तिच्याऐवजी केवळ ऐकीव वार्ता मिळतात. म्हणून रक्ताच्या कर्करोगावर मुंबईत तयार झालेल्या एका नव्या उपचाराचा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. जुन्या भाषेत मॅट्रिक म्हणावे एवढेच माझे शिक्षण, आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात गेले. तरीही हा विषय मी का निवडला, याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

परळची वाट

आपल्या भागात कोणाविषयी ‘त्याला टाटाला नेलंय’ असे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. वाणगावला गाडीत बसावे, दादरला उतरावे, तेथून परळ गाठावे, ही वाट आपल्यापैकी कित्येक घरांच्या परिचयाची आहे. पूर्वी विरारला गाडी बदलण्याचा त्रास होता. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आल्यावर तो थोडा कमी झाला. परंतु ज्या रुग्णालयाच्या नावाने आपण रोगाचेच नाव घेऊ लागलो, ते कसे उभे राहिले हे पुष्कळांस ठाऊक नसते.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्यावर विलायतेत उपचार झाले होते. पैशाची वाण नव्हती, वैद्यांची नव्हती. वाण होती ती औषधाची. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय बांधले गेले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडण्यात आले. पुढे १९६२ साली ते केंद्र शासनाच्या अणुशक्ती विभागाकडे गेले. याच रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील अस्थिमज्जा-रोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाच्या हाडांतील मगज देण्यात आला. डॉ. अडवाणी हे स्वतः बालपणी पोलिओने अधू झालेले व चाकांच्या खुर्चीतून रुग्णसेवा करणारे वैद्य, हेही येथे नमूद करणे उचित होईल. रक्ताच्या कर्करोगातून ज्या संस्थेचा जन्म झाला, त्याच संस्थेच्या हातून पुढे त्याच रोगावरील नव्या उपचाराची चाचणी व्हावी, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

प्रयोगाची जुनी भीती

‘चाचणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कोणतेही नवे औषध माणसांवर तपासून पाहिल्याविना सिद्ध होत नाही, आणि माणसावर तपासणी म्हटली की माणूस भितो. ही भीती आजची नव्हे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. रशियन साम्राज्यात जन्मलेले वाल्डेमार हाफकीन हे शास्त्रज्ञ त्यासाठी मुंबईस आले व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगवर लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना ती टोचण्यात आली, आणि टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. परंतु तुरुंगात डांबलेल्या माणसाची ‘खुशी’ ती कितपत खरी, हा प्रश्न आज आपण विचारल्यावाचून राहत नाही. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकीन यांच्यावर आला, त्यांना पद सोडावे लागले, आणि ते निर्दोष असल्याचे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकीन संस्था हे नाव मिळाले. टाटा रुग्णालयापासून ती फार दूर नाही.

त्याच प्लेगच्या काळात पुण्यास घरोघर शिरून केलेल्या सक्तीच्या तपासण्यांनी केवढा संताप उसळला, व जून १८९७ मध्ये रँडचा वध कसा झाला, हे आपण शाळेत शिकविले आहे. लसीची भीती आणि सक्तीचा संताप ही तेव्हापासूनची जुळी भावंडे आहेत. जेथे न विचारता अंगाला हात लावला जातो, तेथे हितकर औषधही विष वाटते. या लेखातील सर्व इतिहासाचे सार मला तरी एवढ्यातच दिसते.

डाय, दागिना व जनुक

आता मूळ विषयाकडे वळू. परंतु ‘जनुक’ म्हणजे काय हे कळल्याविना पुढील वृत्तान्त कळणार नाही. म्हणून आपल्याच भागातील एक दृष्टान्त घेतो.

वरोर-चिंचणीच्या पट्ट्यात दागिन्यांच्या डाया कोरण्याचा धंदा चालतो. कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरतो. ती डाय सोनाराकडे गेली की तिच्यावर पत्रा ठेवून दाब द्यावा, आणि एकाच नक्षीचे हवे तितके नग काढावेत. डायेत एक रेघ चुकली, तर निघणारा प्रत्येक नग चुकीचाच निघणार. नग घासून पुसून तो दोष जात नाही, डायच दुरुस्त करावी लागते.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पोटी अशा सहस्रावधी डाया असतात. त्यांना जनुके म्हणतात. त्यांच्यावरून जे नग निघतात ती प्रथिने, आणि शरीराचा बहुतेक व्यवहार या प्रथिनांवर चालतो. आपल्या डहाणू-तलासरीच्या आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल हा विकार म्हणजे अशाच एका डायेतील एका रेघेची चूक होय. त्या चुकीमुळे रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना देतात.

चुकीच्या डायेऐवजी बरोबर डाय पेशीला पुरविणे, अथवा पेशीजवळ मुळात नसलेली नवी डाय तिला देणे, यास जनुकोपचार म्हणतात. ती डाय पेशीच्या आत न्यावी कशी? तर विषाणूच्या हातून. पेशीत शिरून आपली जनुके तेथे ठेवणे हाच विषाणूचा जन्माचा धंदा. शास्त्रज्ञांनी त्याच्याजवळची रोगाची जनुके काढून घेतली, आपल्याला हवे ते जनुक त्याच्या हाती दिले, आणि चोराकडूनच टपालवाल्याचे काम करून घेतले.

परदेशातील पूर्वेतिहास

१४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशांती डिसिल्वा या चार वर्षांच्या मुलीवर अधिकृत परवानगीने जनुकोपचाराचा पहिला प्रयोग झाला. एका जनुकाच्या अभावी तिच्या शरीरात रोगप्रतिकाराची शक्तीच नव्हती. डॉ. फ्रेंच अँडरसन, डॉ. मायकेल ब्लेझ व त्यांचे सहकारी यांनी तिच्याच रक्तातील पेशी काढून, त्यांत ते जनुक घालून, त्या पुन्हा तिला दिल्या. ती मुलगी जगली व मोठी झाली. तिचे पूर्वीचे औषधही चालूच ठेवले होते, त्यामुळे श्रेय किती कोणाचे हा वाद राहिला. परंतु दार उघडले गेले.

त्यानंतर घाई झाली. १७ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण मरण पावला. त्याचा विकार आहार व औषधे यांनी आटोक्यात होता. पुढे जन्मणाऱ्या बालकांच्या उपयोगी पडावे म्हणून तो स्वतः होऊन चाचणीत उतरला होता. पूर्वीच्या रुग्णांत व प्रयोगातील माकडांत दिसलेल्या धोक्यांची पूर्ण कल्पना त्याला दिली गेली नव्हती, असे चौकशीत बाहेर आले. २००२ साली पॅरिस येथील एका चाचणीत, ज्या बालकांचा जीव जनुकोपचाराने वाचला होता त्यांच्यापैकी काहींना त्याच उपचारामुळे रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले; विषाणूने जनुक नको त्या जागी नेऊन ठेवले होते. या दोन घटनांनी हे शास्त्र कित्येक वर्षे मागे गेले. परंतु अधिक सुरक्षित विषाणू, अधिक कठोर नियम आणि अधिक प्रामाणिक संमतिपत्रे याच दुःखातून निर्माण झाली.

दरम्यान दुसरी एक वाट तयार होत होती. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत ‘टी-पेशी’ नावाच्या पेशी असतात. शरीरातील शत्रूला ओळखून मारणे हे त्यांचे काम. परंतु कर्करोगाची पेशी ही आपल्याच घरातील बिघडलेली पेशी असल्यामुळे टी-पेशी पुष्कळदा तिला ओळखत नाहीत. तेव्हा टी-पेशीला ओळखण्याची विद्याच शिकवावी, ही कल्पना अनेकांना सुचली. आणि १९८९ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी रचना करून दाखविली. शत्रूची खूण पकडणारा एक भाग व पेशीला ‘मार’ अशी आज्ञा देणारा दुसरा भाग, असे दोन निरनिराळ्या प्रथिनांचे तुकडे जोडून त्यांनी एक नवे प्रथिन बनविले. त्याला पुढे ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ हे नाव रूढ झाले. कायमेरा हा ग्रीक पुराणातील सिंह, शेळी व सर्प यांचा मिळून झालेला प्राणी. आपण त्याला नरसिंहाची उपमा द्यावी. त्या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे व टी-पेशी मिळून ‘कार-टी’ हे नाव झाले.

रक्ताच्या काही कर्करोगांत ‘बी-पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांच्या अंगावर ‘सीडी-१९’ नावाची एक खूण असते. ती खूण ओळखणारी डाय टी-पेशीत घातली, की टी-पेशी आपल्या अंगावर ते नवे प्रथिन उमटवते व बी-पेशींना हुडकून मारते. एवढेच नव्हे, तर तिची संतती वाढते तेव्हा प्रत्येक नव्या पेशीला त्या डायेची प्रत आपोआप मिळते. आपल्या कारागिरांस हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे!

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या मुलीला हा उपचार देण्यात आला. सर्व औषधे थकली होती. पेशी दिल्यावर तिला भयंकर ज्वर आला व ती मरणाच्या दारी पोहोचली. लढणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात त्यांचाच तो वणवा होता. त्यांतील एक रसायन अतोनात वाढल्याचे तपासणीत दिसले. या संशोधनातील डॉ. कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीस सांध्यांचा विकार असल्याने त्या रसायनास आवर घालणारे एक औषध त्यांना माहीत होते. ते दिले, आणि मुलगी वाचली. आज तोच ज्वर आवरण्यासाठी तेच औषध जगभर वापरले जाते. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकन शासनाने या उपचारास मान्यता दिली. किंमत होती ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये. विद्या सिद्ध झाली, पण ती राजवाड्यापुरतीच!

पवई ते खारघर

येथून आपल्या मुंबईचा इतिहास सुरू होतो. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. राहुल पुरवार हे अमेरिकेतून संशोधन करून २०१३ साली अध्यापक म्हणून रुजू झाले. हा उपचार आपल्या देशातच, आपल्या माणसांस परवडेल अशा खर्चात तयार करावा, असा त्यांचा संकल्प होता. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर इत्यादी तरुण संशोधक त्यांच्या हाताखाली या कामास लागले. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांनी वैद्यकीय बाजू उचलली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचेही साहाय्य झाले. २०१८ साली या कामातून ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली. मानवावरील पहिल्या चाचणीसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९.१५ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर झाले.

परदेशी उपचाराची ही निव्वळ नक्कल नव्हती. तिकडील रचनेत सीडी-१९ ओळखणारा भाग उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला होता. मुंबईच्या संशोधकांनी तो मानवी प्रथिनासारखा घडविला, जेणेकरून रुग्णाचे शरीर त्याला परका समजून झिडकारणार नाही. पेशींत जनुक नेणारा विषाणूही त्यांनी येथेच तयार केला, आणि खर्च उतरला तो मुख्यतः अशा घरच्या कामामुळे.

४ जून २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत असता, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या अस्थिमज्जा-रोपण विभागात भारतातील पहिला कार-टी उपचार देण्यात आला. त्याची रीत अशी. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात व बाकीचे रक्त त्याला परत देतात. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात; तेथे विषाणूच्या हातून त्यांना नवे जनुक मिळते व काही दिवसांत त्यांची संख्या वाढविली जाते. मधल्या काळात रुग्णास औषधे देऊन शरीरातील जुन्या पांढऱ्या पेशी कमी करतात, म्हणजे नव्यांना जागा होते. मग त्याच्याच पेशी शिरेतून त्याला परत दिल्या जातात. परक्याचे काहीच नाही. आपलीच मुले शिकून घरी आल्यासारखे आहे!

चाचणीच्या पायऱ्या असतात, त्याही समजून घ्याव्यात. पहिल्या पायरीवर थोड्या रुग्णांत केवळ एवढेच पाहतात की, औषध अपायकारक नाही ना, व मात्रा किती असावी. दुसऱ्या पायरीवर अधिक रुग्णांत गुण येतो की नाही हे मोजतात. या उपचाराच्या दोन्ही पायऱ्या मिळून ६४ रुग्ण होते, आणि ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी शेकडा ७३ रुग्णांस गुण आला. ही सर्व माणसे पूर्वीचे उपचार थकलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. परंतु गुण आला म्हणजे रोग कायमचा गेलाच असे नव्हे. काहींचा रोग उलटला. बहुतेकांच्या रक्तपेशी काही काळ फार घटल्या, आणि दोन रुग्ण उपचाराच्या परिणामामुळे दगावले. हा सर्व हिशेब २०२५ साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात जगासमोर मांडण्यात आला. मेलेल्यांचा आकडाही जो लपवीत नाही, त्याच्या जगलेल्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने या उपचारास ‘नेक्सकार-१९’ या नावाने मान्यता दिली. ती १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांपुरती होती. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे तो राष्ट्रास अर्पण केला. किंमत परदेशाच्या मानाने सुमारे एक-दशांश, म्हणजे ४० लाख रुपयांच्या आसपास होती. तीन कोटींवरून ४० लाख ही प्रगती थोडी नव्हे. तथापि आपल्या समाजातील सामान्य कुटुंबाने होडी व वाडी दोन्ही विकली तरी ही रक्कम उभी राहणार नाही, हेही सत्य लिहून ठेवले पाहिजे.

इतर दिशांनीही पावले पडली आहेत. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या विकारावर जनुकोपचाराची चाचणी झाली. सिकलसेलवरील, डायांतच फेरफार करणाऱ्या उपचारास ब्रिटन व अमेरिका यांनी २०२३ साली मान्यता दिली. आणि भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेल्या तशाच उपचाराची घोषणा, ‘बिरसा १०१’ या नावाने, नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत झाली. म्हणजे आज ना उद्या चाचणीचा प्रश्न आपल्या तालुक्यातील पाड्यांवरही येणार. तेव्हा तो कागद कोण वाचून दाखविणार?

पुढचे पान

आता हा विषय मी का निवडला ते सांगतो.

२००४ सालची गोष्ट. माझ्या नात्यातील एकोणीस वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या एका रुग्णालयात उपचार चालू होते, गुण येईना. तेथील डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले व मराठीत छापलेले काही पानांचे संमतिपत्र वाचून या म्हणून हाती दिले. मुलाचे वडील ते घेऊन माझ्याकडे आले. “गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल तसे करू,” असे म्हणाले. ओटीवर घरची माणसे बसली होती. मुलगा खांबाला टेकून उभा होता. मी मोठ्याने वाचू लागलो. ‘हा एक संशोधनाचा भाग आहे’, ‘या औषधाने आपणांस लाभ होईलच असे नाही’, ‘मृत्यूही संभवतो’, ही वाक्ये आली तशी मी कागद घडी करून ठेवला आणि म्हणालो, “सही करू नका. हा प्रयोग आहे. आपले पोर काय उंदीर आहे?” सर्वांना ते पटले. मुलगा एवढेच म्हणाला, “गुरुजी, पुढच्या पानावर काय लिहिलंय?” मी म्हणालो, “पुढे काय असणार? तेच!”

त्यानंतर झाडपाल्याच्या औषधांत चार महिने गेले व मुलगा गेला. त्या चाचणीने तो वाचला असता असे मी म्हणत नाही; तसे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. माझा अपराध निराळा आहे. मुलगा सज्ञान होता. जीव त्याचा होता, निर्णय त्याचा होता. आणि तो मी, अर्धा कागद वाचून, घेतला. जो दोष आपण कागद न समजावता सही घेणाऱ्यास देतो, तोच दोष कागद न समजावता सही नाकारणाऱ्यासही लागतो, हे समजण्यास मला फार वर्षे लागली. निवृत्तीनंतर असे एक संमतिपत्र मी पुन्हा पाहिले, तेव्हा प्रथम पुढचे पान उघडले. तेथे लिहिले होते की, सहभाग ऐच्छिक आहे. नाकारल्यास नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही. आणि मन बदलल्यास केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

आमची भीती अगदीच निराधार होती असेही नव्हे. २००९-१० साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना एक लस टोचण्याचा प्रकल्प झाला. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. आंध्रात कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहांच्या प्रमुखांनी सह्या केल्याचे उघड झाले, व संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. शिक्षक या नात्याने ते वाचताना मला माझा ओटा आठवला. तेथे शिकलेल्यांनी परस्पर ‘हो’ म्हटले, येथे मी परस्पर ‘नाही’ म्हटले. विचारले कोणीच नाही.

उपसंहार

आज नियम पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. २०१९ च्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक चाचणीस नीतिविषयक समितीची संमती लागते, शासकीय नोंदवहीत तिची नोंद करावी लागते, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत माहिती द्यावी लागते, आणि चाचणीमुळे अपाय झाल्यास उपचार व भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर असते. परंतु नियम कागदावर असतात. कागद वाचणारा माणूस गावात असावा लागतो.

म्हणून मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या प्रत्येक गावातील दोन-तीन सुशिक्षित मुलामुलींनी, विशेषतः परिचारिका व औषधनिर्माण शास्त्र शिकलेल्यांनी, अशा प्रसंगी कुटुंबाबरोबर बसून संमतिपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवावे. चाचणीची नोंद झाली आहे काय, तिचा क्रमांक कोणता, खर्च कोणाचा, अपाय झाल्यास भरपाई कोण देणार, आणि ‘नाही’ म्हटल्यास दुसरा उपाय कोणता, एवढे प्रश्न डॉक्टरांस न भिता विचारावेत. जो नोंद दाखवीत नाही, उलट लाखो रुपये मागून खात्रीने बरे करण्याचे वचन देतो, त्याच्या दारी जाऊ नये. खरी चाचणी खात्री देत नाही. खात्री देणारा पुष्कळदा फसवितो. आणि सर्व वाचून झाल्यावर शेवटचा प्रश्न रुग्णास विचारावा: “तुझी इच्छा काय?” त्याने जे उत्तर द्यावे, त्याच्या पाठीशी आपण उभे राहावे. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून अशा कुटुंबास निदान प्रवासाचा व मुंबईतील मुक्कामाचा खर्च देता आला, तर सोन्याहून पिवळे!

मेहेरबाईंच्या मृत्यूपासून खारघरच्या त्या दिवसापर्यंत ९० वर्षे लागली. त्या ९० वर्षांत शास्त्रज्ञांची बुद्धी जितकी खर्ची पडली, तितकाच भायखळ्याच्या कैद्यांचा, जेसी गेल्सिंगरचा आणि आपली नावेही मागे न ठेवणाऱ्या रुग्णांचा जीव खर्ची पडला. त्यांपैकी जे समजून पुढे झाले, त्यांचे ऋण मोठे. ज्यांना न समजावता पुढे केले गेले, त्यांचे त्याहून मोठे. ते फेडण्याचा मार्ग म्हणजे पुढचे पान कोणासाठीही घडी करून न ठेवणे.

अधिक लिहिणे नलगे. सर्व ज्ञातिबांधवांस आरोग्य व दीर्घायुष्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.